सौर संगणकवर्ग

विजेच्या तारा न पोहोचलेल्या, किंवा पोहोचूनही पुरवठ्याचा भरवसा नसलेल्या शाळांत सूर्यप्रकाशावर चालणारे संगणक बसवण्याच्या व्यवस्थेला सौर संगणकवर्ग म्हणता येईल. आफ्रिकेतील देश, हैती आणि प्रशांत महासागरातील बेटे येथे अशा व्यवस्था उभारण्याच्या कामात विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचे गट उतरलेले दिसतात.

अशा वर्गाच्या आखणीत विजेचा हिशेब आधी करावा लागतो. काचनळीचा पडदा असलेल्या जुन्या मेजावरच्या संगणकाला साधारण 150 वॅट लागतात, असे धरले तर दहा संगणक रोज चार तास चालवण्यासाठी 6 युनिट वीज हवी. दिवसातून पाच तास चांगले ऊन आणि सुमारे तीस टक्के गळती गृहीत धरल्यास त्यासाठी 1.7 किलोवॅटची सौर पॅनेल बसवावी लागतात. शिवाय लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. त्यामुळे एका दिवसाची बेगमी ठेवायची म्हटले तरी 12 व्होल्ट, 150 ॲम्पिअर-तासांच्या सहा-सात बॅटऱ्या लागतात. दान म्हणून आलेले जुने संगणक फुकटात पडतात खरे, पण त्यांना पोसणारी वीज महाग पडते.

हे गणित बदलले ते गरीब देशांतल्या मुलांसाठी स्वस्त लॅपटॉप बनवणाऱ्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या संस्थेच्या एक्सओ-1 या लॅपटॉपने. संस्थेचे संस्थापक निकोलस निग्रोपाँटे यांनी 2005 मध्ये शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. 2007 च्या अखेरीस उत्पादन सुरू झाले तेव्हा किंमत जवळजवळ दुप्पट झाली होती आणि पहिल्या नमुन्यावरचा, हाताने फिरवून वीज निर्माण करण्याचा दांडा गळाला होता. मात्र यंत्रात पंखा नव्हता, फिरती हार्ड डिस्क नव्हती आणि संस्थेच्या तंत्रज्ञ मेरी लू जेप्सन यांनी घडवलेला पडदा भर उन्हात मागचा दिवा न लावताही वाचता येत असे. हे यंत्र बहुतेक वेळा पाच वॅटच्या आत चाले. म्हणजे शंभर मुलांचे शंभर लॅपटॉप चार तासांना 2 युनिटांत भागत. त्याला बॅटरीतून मिळणारा 11 ते 18 व्होल्टचा एकदिश प्रवाह (डीसी) थेट देता येत असल्याने इन्व्हर्टर आणि त्यातली गळती, दोन्ही टळत. भारतात या लॅपटॉपचा पहिला प्रयोग 2007 मध्ये रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैराट या वाडीवरच्या एकशिक्षकी मराठी शाळेत झाला.

याच संस्थेने 2009 मध्ये ‘ओएलपीकॉर्प्स आफ्रिका’ हा उपक्रम काढला. निवडलेल्या प्रत्येक विद्यार्थी गटाला शंभर लॅपटॉप आणि दहा हजार डॉलरपर्यंत निधी देण्यात आला. जूनमध्ये रुवांडातील किगाली येथे प्रशिक्षण घेऊन हे गट आपापल्या शाळांकडे रवाना झाले. जिथे वीज नव्हती तिथे पॅनेल, बॅटरीचे चार्जिंग आटोक्यात ठेवणारा चार्ज कंट्रोलर आणि बॅटऱ्यांची सोय याच पैशातून बघायची होती, आणि ही रक्कम त्या मानाने तुटपुंजीच म्हटली पाहिजे.

खरी अडचण गट परतल्यानंतर सुरू होते. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर कोणी घालायचे, तिच्या अग्रांवर चढणारा पांढरट-हिरवा थर कोणी खरवडायचा, पॅनेलवरची धूळ कोणी पुसायची, आणि मोबाइल चार्ज करायला येणाऱ्या गावकऱ्यांना किती वीज द्यायची, हे आधी ठरलेले नसेल तर चांगला संचही दोन-तीन वर्षांत निकामी होतो. नुसती यंत्रे पुरवून शिकणे सुधारत नाही, हेही पुढे दिसले. पेरूच्या ग्रामीण भागातील 319 शाळांच्या, 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे लॅपटॉप मिळालेल्या मुलांच्या गणित व भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. सामान्य आकलनक्षमतेत मात्र थोडी वाढ नोंदली गेली.

अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट विद्यापीठात लॉरा हॉसमन यांच्या मार्गदर्शनाखाली चालणाऱ्या ‘सोलरस्पेल’ उपक्रमाने संगणकवर्गाचा आकारच कमी केला. छोटे सौर पॅनेल, बॅटरी आणि रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक एका पेटीत बसवलेला असतो. ही पेटी इंटरनेटशिवाय स्वतःचे वाय-फाय निर्माण करते आणि जवळच्या फोन किंवा लॅपटॉपवर साठवलेले धडे, पुस्तके व चित्रफिती पुरवते. पेट्या जोडण्याचे आणि त्या त्या देशाला उपयोगी मजकूर निवडण्याचे काम विद्यार्थी करतात. व्हानुआटू, सामोआ, टोंगा यांसारख्या बेटांवर या पेट्या ‘पीस कोअर’ या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवी सेवेच्या स्वयंसेवकांमार्फत शाळांत पोहोचल्या, आणि स्थानिक शिक्षकांना त्या वापरण्याचे प्रशिक्षण देणे हा या उपक्रमाचाच भाग मानला जातो.