गाडीचे ॲव्हरेज : गोव्यातून घाटापलीकडे

एक लिटर इंधनात गाडी किती किलोमीटर जाते, तो आकडा म्हणजे ॲव्हरेज. पुस्तकी मराठीत याला इंधन-कार्यक्षमता म्हणतात आणि शोरूममध्ये मायलेज. गोवा, सिंधुदुर्ग, बेळगाव या पट्ट्यात मात्र ‘किती ॲव्हरेज देते?’ असेच विचारतात. लांबच्या प्रवासात हा आकडा गाडीइतकाच वाटेवर ठरतो. गोव्यातून पूर्वेकडे निघालेल्या प्रत्येक रस्त्याला सह्याद्री आडवा येतो, त्यामुळे एकाच गाडीचे जातानाचे आणि येतानाचे ॲव्हरेज इथे सहज वेगळे निघते.

पणजी जवळजवळ समुद्रसपाटीला आहे, तर बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर. चोर्ला घाटाने हे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास भरते. माणसे आणि सामान धरून १,४०० किलोंची गाडी एवढी उंच न्यायला साधारण १० मेगाज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल असतात खरे, पण त्यांतला चौथा हिस्सा किंवा थोडा अधिकच चाकांपर्यंत पोचतो, बाकीचा उष्णता होऊन जातो. म्हणजे नुसत्या चढाला सव्वा लिटरच्या घरात पेट्रोल गेले. सपाटीवर १६ देणारी गाडी या हिशेबाने बेळगावला पोचेपर्यंत १४ च्या खाली येते. परतीला उतार मिळतो आणि आकडा १७ च्या पुढे जाऊ शकतो, मात्र चढाला घातलेले सगळे परत येत नाही. वळणावळणाला ब्रेक लागतो आणि कमावलेली उंची ब्रेक तापवण्यात खर्ची पडते. चारचौघांत सांगितला जातो तो अर्थातच येतानाचा आकडा.

बेळगावची भाजी गोव्यात आणणाऱ्या टेम्पोंना मात्र हा भूगोल फळतो. ते भरलेले उतरतात आणि रिकामे चढतात.

उतारावर गाडी न्यूट्रलला सोडली की पेट्रोल वाचते, ही समजूत कार्बोरेटरच्या काळापासून चालत आली आहे. इंधन इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंजिनला जाणारे इंधन बंद होते; चाकेच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रलमध्ये तेच इंजिन सुरू ठेवायला पेट्रोल जळते. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेला ब्रेक ऐन वळणावर दगा देऊ शकतो. ज्या गिअरने घाट चढलो त्याच गिअरने उतरावे, हा जुन्या चालकांचा नियम इंधनाच्या हिशेबानेही बरोबर आहे.

राष्ट्रीय महामार्ग ६६ वर प्रश्न वेगाचा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो: ताशी ८० ऐवजी १०० ने गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. टपावरचे सामान महाग पडते तेही याच कारणाने. गाडीत शंभर किलो जादा भरले, तर बेळगावच्या चढाला त्याचे पेट्रोल १०० मिलीलिटरच्या आतच लागते. चवथीला गावी जाताना टपावर बांधलेल्या हलक्या पिशव्या मात्र किलोमीटरमागे वारा अडवत राहतात. काचा उघड्या ठेवाव्यात की एसी लावावा, या वादाचे उत्तरही वेगातच आहे. म्हापशाच्या गर्दीत काचा परवडतात, मोकळ्या महामार्गावर एसी. टायरमधली हवा प्रवासाला निघण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासावी, कारण तापल्यावर दाब चढलेला दिसतो.

पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचाही वाटा आहे. लिटरमागे त्यात पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून २० टक्के मिश्रणात ॲव्हरेज काहीसे उतरणे स्वाभाविक आहे.

कंपनीच्या माहितीपत्रकातला आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो. त्या चाचणीत कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो, आणि चोर्ल्याची वळणे तिच्यात नसतात. स्वतः मोजायचे तर टाकी नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरावी, ट्रिप मीटर शून्यावर आणावा आणि परतल्यावर त्याच पंपावर तशीच भरून किलोमीटरना लिटरने भागावे. वाटेत बेळगावला टाकी भरून तिथेच भागाकार केला, तर फक्त चढाचा आकडा हाती येतो. गोवेकर सहसा तसे करत नाही, पण त्याचे कारण वेगळे आहे. २०१२ साली गोवा सरकारने पेट्रोलवरील व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला होता. पुढे तो वाढला, तरी शेजारच्या राज्यांपेक्षा पेट्रोल इथे स्वस्तच राहिले. त्यामुळे घरून टाकी फुल करून निघायचे आणि परत आल्यावरच भरायचे, ही सवय पडली. पैसे वाचवण्यासाठी लागलेल्या या सवयीत चढ आणि उतार दोन्ही एकाच मोजणीत येतात.