गवतावर कोण कुणाला कधी भेटतं: विम्बल्डनच्या सीडिंग फॉर्म्युल्याची पार्श्वभूमी

जून संपत आला की आपल्याकडं पेरणीची धांदल असते आणि तिकडं विम्बल्डन या गवतावरच्या टेनिस स्पर्धेचा ड्रॉ (कोण कुणाशी खेळणार त्याचा तक्ता) निघतो, मग परभणी-नांदेडच्या पोरांच्या ग्रुपवर दरसाल तेच भांडण, अमक्याला सोपा ड्रॉ दिला आन तमक्याला मुद्दाम ड्रॉच्या अवघड हाफमध्ये (अर्ध्या भागात) टाकलं. सध्याच्या ड्रॉबद्दल या भांडणात दम नाही, 2021 पासून पुरुषांचं सीडिंग (तगडे खेळाडू लवकर भिडू नयेत म्हणून त्यांना दिलेले क्रमांक) सरळ रँकिंगनं होतंय. 2002 ते 2019 या काळात मात्र तसं नव्हतं, आणि बासेलवाला (फेडरर) विरुद्ध मायोर्काचा डावखुरा (नदाल) अशा जुन्या जोड्यांवर बोलताना हे विसरलं की हिशोब चुकतो.

एकदम जुनं थोडक्यात सांगतो. 1974 पर्यंत चारपैकी तीन ग्रँड स्लॅम (टेनिसच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा) गवतावरच व्हायच्या. 1975 ला अमेरिकेनं गवत सोडलं, 1988 ला ऑस्ट्रेलियानं, आणि गवताचा सीझन पॅरिस (फ्रेंच ओपन) ते लंडन (विम्बल्डन) एवढ्या फटीत येऊन बसला. ती फट 2014 पर्यंत दोन आठवड्यांची होती, 2015 पासून तीन झाली. गवतावर एकही मास्टर्स 1000 (ग्रँड स्लॅमच्या खालोखालची) स्पर्धा नाही. म्हणजे वर्षभराच्या रँकिंगमधले बहुतेक पॉइंट क्ले (माती) आणि हार्ड कोर्टावर कमावलेले असतात आणि त्यावर गवतावरचा क्रम लावायचा असतो. भांडणाचं मूळ हे आहे.

नव्वदच्या दशकात सीड फक्त 16 असायचे आणि विम्बल्डन भरवणाऱ्या क्लबची कमिटी स्वतःच्या अंदाजानं नावं वर-खाली करायची. क्लेवर खेळणारे स्पॅनिश खेळाडू रँकिंगमध्ये वर असूनही सीडिंगमधून बाहेर राहायचे आणि गवतावर जोरात सर्व्ह मारणारा एखादा खालचा गडी आत यायचा. 2000 ला काही स्पॅनिश खेळाडूंनी याच रागातून विम्बल्डनवर बहिष्कार टाकला. त्यानंतर तोडगा निघाला. 2001 ला सीड 32 केले, आणि 2002 पासून खेळाडूंच्या संघटनेशी बोलून पुरुषांसाठी ठरलेला फॉर्म्युला आला, कमिटीच्या मर्जीचा विषय संपला.

फॉर्म्युला असा होता: रँकिंगमधले पहिले 32 घ्यायचे, त्यांच्या पॉइंटमध्ये मागच्या 12 महिन्यांत गवतावर कमावलेले सगळे पॉइंट पुन्हा एकदा मिळवायचे, आणि त्याच्या आधीच्या 12 महिन्यांतल्या गवतावरच्या सगळ्यात चांगल्या एका स्पर्धेचे 75 टक्के मिळवायचे. एवढंच. 32 च्या बाहेरचा कुणी यात आत येत नव्हता, आतल्यांचा क्रम तेवढा बदलायचा.

आता 2019 चं उदाहरण घ्या, सगळ्यात जास्त आरडाओरडा तेव्हाच झाला. रँकिंगला डावखुरा दोन नंबरवर, बासेलवाला तीनवर. बासेलवाल्यानं नुकतीच हाले ही गवतावरची स्पर्धा जिंकलेली, त्याचे 500. आदल्या वर्षीची विम्बल्डनची क्वार्टरफायनल, 360. आणि 2017 ला विम्बल्डन जिंकलं होतं, त्या 2000 चे 75 टक्के म्हणजे 1500. झाले 2360 जादा. डावखुऱ्याला 2018 च्या सेमीफायनलचे 720 आणि 2017 च्या चौथ्या फेरीच्या 180 चे 135, एकूण 855. क्रम उलटला, बासेलवाला दोन, डावखुरा तीन. मग ड्रॉमध्ये तीन नंबर पडला दोन नंबरच्याच हाफमध्ये आणि सेमीफायनलला दोघं समोरासमोर आले, बासेलवाला चार सेटमध्ये जिंकला. लोक अजून म्हणायलेत की फॉर्म्युल्यानं ही मॅच घडवली. अर्धंच खरं आहे ते, कारण तिसरा सीड कुठल्या हाफमध्ये जाणार हे चिठ्ठीवर असतं, रँकिंगप्रमाणं सीडिंग केलं असतं तरी हे दोघं एकाच हाफमध्ये येऊ शकले असते.

डावखुऱ्याचा आक्षेप मात्र मला पटतो. त्याचं म्हणणं होतं की हे एकच स्लॅम असं करतं, बाकीचे करत नाहीत. पॅरिसनं क्लेसाठी असा फॉर्म्युला लावला असता तर त्याला किती वर्षं फायदा झाला असता हे सांगायची गरज नाही. तरीपण माझं मत फॉर्म्युल्याच्या बाजूनं आहे. जो सरफेस वर्षातून पाच-सहा आठवडे मिळतो त्यावर कोण चांगला खेळतो हे रँकिंगमधून दिसतच नाही.

2018 ला बघा. बेलग्रेडवाला (जोकोविच) कोपराच्या दुखण्यातून परत आलेला, रँकिंग 21, फॉर्म्युल्यानं सीड 12. यामुळं काय झालं तर पहिल्या चौघांपैकी कुणी त्याला क्वार्टरफायनलच्या आधी भेटणार नाही एवढी हमी मिळाली, 21 व्या सीडला ती नसते. सेमीफायनलला त्यानं डावखुऱ्याला दोन दिवस चाललेल्या मॅचमध्ये पाचव्या सेटला 10-8 नं हरवलं आणि पुढं ट्रॉफी नेली. गवतावर त्याची जागा कुठं आहे हे फॉर्म्युल्यानं रँकिंगपेक्षा बरोबर सांगितलं होतं. आणि कागदावरचा क्रम कोसळल्याचं उलटं उदाहरण 2013 चं: डावखुरा पाचवा सीड, बासेलवाल्याशी क्वार्टरफायनल कागदावर ठरलेली, लई चर्चा झाली, आणि डावखुरा पहिल्याच फेरीत हरला, बासेलवाला दुसऱ्या.

विरोधकांचा खरा मुद्दा वेगळाच होता, की गवत आता पहिल्यासारखं राहिलंच नाही. 2001 ला 70 टक्के राय आणि 30 टक्के फेस्क्यू या गवतांचं मिश्रण काढून पूर्ण राय गवत लावलं. क्लबचं कारण टिकाऊपणाचं होतं. रायमुळं खालची माती कोरडी आणि टणक ठेवता येते, आपली काळी माती उन्हाळ्यात रोलर फिरवल्यावर दगड होते तशी, आणि चेंडू जास्त उसळतो. 2002 ची फायनल दोन बेसलाइनवाल्यांत, म्हणजे मागच्या रेषेवरून खेळणाऱ्यांत झाली. चेंडू उसळला की डावखुऱ्याचा टॉपस्पिन (पुढच्या बाजूला फिरत उसळणारा फटका) एकहाती बॅकहँड मारणाऱ्या बासेलवाल्याच्या खांद्यापाशी जातो, क्लेवर डावखुऱ्याच्या बाजूनं 14-2 झालं ते त्यामुळं. गवतावर दोघांचा हिशोब बासेलवाल्याच्या बाजूनं 3-1 राहिला, म्हणजे उसळी वाढली तरी क्लेएवढी झाली नाही. सरफेसमधला फरक कमी झाला, पण संपला नाही.

2020 ला स्पर्धाच झाली नाही आणि 2021 ला फॉर्म्युला गेला. त्यानंतर मुर्सियाच्या पोरानं (अल्काराझ) 2023 आणि 2024 ला बेलग्रेडवाल्याला फायनलमध्ये हरवलं, 2025 ला इटालियन पोरानं (सिनर) मुर्सियावाल्याला. या दोघांत 2025 अखेर एकूण 10-6 असा मुर्सियावाला पुढं होता, पण गवतावर तोवर ते दोनदाच भेटले होते, 2022 ला चौथ्या फेरीत आणि 2025 च्या फायनलला, आणि दोन्ही वेळा इटालियन जिंकला.