खाजण (गोवा)

खाजण : खाडीकाठची, बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन. गोव्यात मांडवी, झुआरी आणि त्यांच्या फाट्यांच्या काठी अशी सुमारे १८,००० हेक्टर जमीन आहे. तिच्यात भात पिकते, मासळी मिळते, काही ठिकाणी उन्हाळ्यात मीठही पिकवतात. या पाणथळीचे मोल किती, हे मात्र पिकापेक्षा पाण्याच्या दारावर ठरते.

ते दार म्हणजे मानस. खाडीच्या बाजूचा बांध चिखल, पेंढा आणि जांभ्या दगडाचा असतो; त्याच्यापुढे कांदळवन लाटांचा मार सोसते. बांधातल्या मानशीची लाकडी दारे भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. जे थोडे खारे पाणी आत घेतले जाते, ते शेतांपेक्षा खोल असलेल्या पोंयीत (खाजणातल्या तळ्यात) थांबते, वाफ्यांत चढत नाही. मुख्य पीक पावसाळी, म्हणजे सरदाचे. पाऊस मातीतला खार धुऊन काढतो आणि उरलेला खार कोरगुटासारखे भात सोसते. ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळे लावले की कोळंबी, शेवटे, काळुंद्रे, खेकडे हाती लागतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात जास्तच.

व्यवस्था जुनी आहे. सुमारे सहाव्या शतकातल्या, अनिर्जितवर्मा या राजाच्या बांदोडे ताम्रपटात ‘खज्जन’ हा शब्द येतो. पोर्तुगीजांनी १५२६ मध्ये गावकारीचे रीतिरिवाज लिहून काढले, तेव्हा गावाची सामाईक जमीन सांभाळणारी ही संस्था चांगली रुळलेली होती. गावकारी (पुढे ‘कोमुनिदाद’) मानशीतल्या मासेमारीचा लिलाव करी आणि बांधांची देखभालही तिच्याच अंगावर असे. मासळीचा पैसा आणि बांधाचा खर्च एकाच वहीत होता. भात बुडाले तर गावकारीचे उत्पन्न बुडे, म्हणून मासळीच्या लोभाने दार उघडे टाकणे परवडत नसे.

ही वही पुढे फाटली. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची ‘कसेल त्याची जमीन’ दुरुस्ती यांनी कुळांना हक्क दिले, जे न्याय्यच होते. बांधांची जबाबदारी मात्र कूळ संघटना, कोमुनिदाद आणि सरकारी खाते यांच्यात विभागली गेली. मानशीचा लिलाव चालूच राहिला. ठेकेदाराचा करार थोड्या काळाचा. जास्त खारे पाणी आत घेतले तर त्याची मासळी वाढते, आणि शेत खारावण्याचा तोटा दुसऱ्याचा असतो. बांध फुटू देण्यात, प्रसंगी फोडण्यातही, कुणाचा तरी फायदा होऊ लागला. एकदा खार चढलेले शेत सुधारायला अनेक पावसाळे लागतात. तोवर ते पडीक राहते, त्यात कांदळ उगवते आणि मग ते शेत होते हे सिद्ध करणेही अवघड जाते.

लिलावाच्या रकमेत खाजणाचे बरेचसे मोल येतच नाही. पोंय मुसळधार पावसाचे पाणी मावून घेते, बांध आजूबाजूच्या गोड्या विहिरींत खार शिरू देत नाही, कांदळवनात माशांची पिल्ले वाढतात. या कामांचे बिल कुणी पाठवत नाही, पण भराव टाकून केलेल्या प्लॉटची किंमत लगेच सांगता येते. त्यामुळे हिशेब नेहमी एकाच बाजूला झुकतो.

कायद्यातही खाजण अधांतरी आहे. पाणथळ जागांच्या रक्षणासाठीच्या १९७१ च्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराची पाणथळीची व्याख्या नैसर्गिक आणि मानवनिर्मित, गोड्या आणि खाऱ्या अशा सगळ्या जागांना सामावून घेते. भारताच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी मात्र भातशेते आणि मिठासाठी वा मत्स्यशेतीसाठी केलेल्या बांधणी वगळल्या आहेत. खाजण नेमके या तिन्हींचे मिश्रण. आधार उरतो तो २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेचा. तिने गोव्यातल्या खाजणांचे नकाशे व व्यवस्थापन आराखडा करायला सांगितले आणि तिथे विकासकामांना मनाई केली. पण उभा बांध राखायचा तर रोज पाहणी लागते, खेकड्यांनी पोखरलेली भोके वेळीच बुजवावी लागतात. नकाशा ते करत नाही. म्हणून व्यवस्थापनाची खरी जागा लिलावाचा करार हीच आहे : दार कधी उघडायचे हे शेतकऱ्यांनी ठरवावे, शेतात खार चढला तर भरपाई ठेकेदाराकडून घ्यावी आणि लिलावातला ठरावीक हिस्सा बांधासाठी बाजूला काढावा.