कॅल्शियम विरघळू लागतं, तेव्हाच पाय ठणकतो

पाय कुठे आपटलेला नाही, मुरगळलेला नाही; तरी एकाएकी सुजतो, लाल होतो, टेकवत नाही. आधी गाऊटची, म्हणजे युरिक ॲसिडचे खडे सांध्यात साचून होणाऱ्या दाहाची, शंका येते, मग जंतुसंसर्गाची. एक्स-रेमध्ये मात्र टेंडनमध्ये, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट पट्ट्यात, पांढरा डाग दिसतो. हा हायड्रॉक्सीॲपेटाइटचा साठा. हाडं आणि दात घडवणारा कॅल्शियमचा क्षारही जवळपास हाच.

असे साठे खांद्यात बरेच सापडतात, पावलात क्वचित. घट्ट असेपर्यंत ते वर्षानुवर्षं मुकाट पडून राहू शकतात. शरीर त्यांना शोषायला निघालं की दाह उसळतो आणि साठा टूथपेस्टइतका मऊ होतो. रुग्ण सर्वांत हैराण असतो, तेव्हा बहुधा आजार उतरणीला लागलेला असतो! म्हणून अनेकांना काही आठवडे विश्रांती आणि वेदनाशामक गोळ्या पुरतात. सुईची घाई नको, असं माझं मत.

तेवढ्यानं भागलं नाही, तर सोनोग्राफीच्या मदतीनं इंजेक्शन देतात. पडद्यावर साठा पांढरा चमकतो. तो कठीण असेल तर त्याखाली गडद सावली पडते, मऊ असेल तर सावली पुसट किंवा नाहीच. साठा धुऊन निघेल का, याचा अंदाज डॉक्टरांना इथेच येतो. जागा बधिर करून सुई साठ्यात नेतात, सलाइन आत सोडतात, दट्ट्यावरचा दाब कमी करतात. सिरिंजमध्ये दुधाळ पाणी परत येतं. याला बार्बोटाज म्हणतात.

पावलातली बरीच टेंडन बारीक असतात, साठेही छोटे. तिथे धुण्याइतकी जागाच नसते. मग साठा सुईनं टोचून फोडतात किंवा टेंडनच्या भोवती स्टेरॉइड, म्हणजे दाह शमवणारं औषध, देतात. भोवती, आत नव्हे. आत गेलेलं स्टेरॉइड टेंडन कमकुवत करतं आणि ते तुटू शकतं. टाचेमागच्या अकिलिस टेंडनवर चालता-धावताना प्रचंड ताण येतो, त्यामुळे तिथे स्टेरॉइड द्यायला डॉक्टर फार कचरतात. शिवाय शेजारूनच सुरल नस, म्हणजे पावलाच्या बाहेरच्या कडेला संवेदना पुरवणारा मज्जातंतू, जाते. सुईचं टोक सतत डोळ्यांसमोर ठेवायचं ते यासाठी.

टाचेमागे वाढलेलं हाड हे वेगळं प्रकरण. एक्स-रेवर तेही पांढरंच दिसतं, पण ते खरंखुरं हाड असतं, सलाइननं धुऊन निघत नाही. तिथे व्यायाम, पादत्राणांत बदल, शॉकवेव्ह (बाहेरून दिलेले ध्वनिलहरींचे झटके) आणि क्वचित शस्त्रक्रिया, असे मार्ग असतात.