काटा नाचतोय, पण डायल बिघडलेला नाही

आमचा एक दोस्त आहे, कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करतो आणि गेली काही वर्षं शेडमध्ये दोन सीटचं छोटं विमान बांधतोय. (घरच्यांनी आता विचारायचं सोडलंय.) उडवायचं तर डीजीसीएची, म्हणजे सरकारच्या विमान खात्याची, परवानगी लागते, म्हणून सध्या नुसतं जमिनीवर पळवून बघणं चाललंय. तर झालं असं की पावसाळा संपल्यावर पहिल्यांदा पळवलं आणि वेगाचा काटा ताशी साठ किमीवर थांबायचं नावच घेईना, पन्नास ते सत्तर नुसता नाचतोय. पठ्ठ्यानं सरळ नवीन डायल आणून बसवला. तोही नाचायला लागला!

आता हा डायल मोजतो काय ते बघा. १७३२ साली आंरी पिटो नावाच्या फ्रेंच इंजिनिअरनं पॅरिसच्या सीन नदीत वाकवलेली काचेची नळी धरली, तोंड प्रवाहाकडे. वाहतं पाणी नळीत घुसून वर चढलं आणि त्या उंचीवरून त्यानं प्रवाहाचा वेग काढला. पंचगंगेच्या घाटावर तुम्हालाही जमेल. पाणी सेकंदाला १ मीटर वाहत असेल तर नळीत ५ सेंमी चढेल, २ मीटर असेल तर १० नाही, २० सेंमी. वेग दुप्पट, दाब चौपट. सगळी गोम या चौपटीतच आहे.

विमानात पाण्याच्या जागी हवा. समोर तोंड केलेली पिटो नळी येणाऱ्या वाऱ्याचा दाब घेते, दुसरी स्टॅटिक नळी आजूबाजूच्या शांत हवेचा दाब घेते, आणि डायलच्या आत पातळ पत्र्याची डबी असते ती या दोन्हींच्या फरकानं फुगते, तिला काटा जोडलेला. पण हा फरक किती? ताशी १०० किमीला जेमतेम ४८ मिलिमीटर पाणी उचलेल एवढा, आणि ५० किमीला फक्त १२. म्हणजे विमान हळू असताना, जिथं काट्यावर सगळ्यात जास्त भरवसा ठेवायचा असतो, तिथंच दाब सगळ्यात कमी. साठच्या वेगाला ५ मिलिमीटरची गडबड झाली की काटा आठ-नऊ किमीनं सरकतो.

आणि ५ मिलिमीटर गडबड करायला काय लागतंय, नळीत अडकलेला पाण्याचा एक थेंब बास झाला. याच्या विमानात सीटखाली नळीला झोळ पडला होता, पावसाचं पाणी तिथं साठलेलं, चाक खड्ड्यात गेलं की पाणी पुढे-मागे आणि काटा पण. नळी डायलपासून सोडवून मगच फुंकली, हे लई महत्त्वाचं, कारण माणूस जोरात फुंकला तर अर्धा मीटर पाणी सहज ढकलतो आणि ती डबी कायमची वाकते. आता सगळ्यात खालच्या जागी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टाकून त्याच्या खालच्या तोंडाला टोपण बसवलंय, साठलेलं पाणी काढायला.

तरी थोडं नाचणं राहिलंच. मग सापडलं की डायलमागची स्टॅटिक नळी कॉकपिटमध्येच उघडी सोडलेली, आणि विमानाला दारं नाहीत! आतल्या वाऱ्याच्या भोवऱ्यानं दाब सारखा बदलणारच. बाहेर पिटोशेजारी, प्रोपेलरच्या झोतापासून लांब, दुसरी नळी लावली, टोक बंद आणि गोल, बाजूला बारीक भोकं. ड्रिल केल्यावर कडेला जी बर उठते ती काढायलाच लागते, तेवढ्या उंचवट्यानंही दाब चुकतो. लेथवाल्याला हे सांगायची गरज नव्हती म्हणा.

तपासणीसाठी गवंड्याची लेव्हल पाईप घेतली, पाण्यात चिमूटभर हळद, एक टोक पिटोला आणि दुसरं हळूहळू वर. दोन्ही बाजूंत १२ सेंमी फरक पडला की काटा १५८ च्या आसपास यायला पाहिजे, आणि पाईप तशीच धरून मिनिटभर जागेवर राहिला तर लीक नाही. इतकी स्वस्त टेस्ट दुसरी नाही. जीपीएसशी ताडून बघणार असाल तर येताना-जाताना दोन्हीकडून बघा, वारा असतोय, शिवाय कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, हवा थोडी विरळ, त्यामुळे काटा खऱ्या वेगापेक्षा तीनेक टक्के कमीच दाखवणार.

शेडमध्ये विमान उभं असताना पिटोवर टोपी घाला. मातीचं घरटं करणाऱ्या कुंभारीण माशीला असली भोकं फार आवडतात. ६ फेब्रुवारी १९९६ ला डॉमिनिकन रिपब्लिकजवळ बोइंग ७५७ समुद्रात पडलं, १८९ माणसं गेली, एक पिटो नळी बंद झाली होती आणि तपास करणाऱ्यांचा संशय अशाच माशीवर होता.

दोस्ताचा काटा आता साठला साठच दाखवतो, एखाददुसरा किमी इकडं-तिकडं. काढून ठेवलेला पहिला डायलही लेव्हल पाईपवर लावून बघितला. एकदम बरोबर.