नायट्रिक आणि नायट्रस: एक पालकातून, दुसरा उसाच्या रानातून

मिरजेच्या ऑपरेशन थिएटरात निळ्या सिलिंडरमधून येतो तो नायट्रस ऑक्साइड. पालक-बीट खाल्ल्यावर रक्तदाब थोडा उतरतो तो नायट्रिक ऑक्साइडमुळे. फॉरवर्डमध्ये दोघांची सर्रास अदलाबदल होते, आणि ‘तोंडातले जंतू हसवणारा वायू (म्हणजे नायट्रस) बनवतात’ इथपर्यंत मजल जाते. दातांवरच्या थरातले काही जंतू तो चिमूटभर बनवतात, पण हसू यावं इतका नाही.

आधी तोंडातलं बघू. पालक, चाकवत, माठ, मुळा, बीट यांत नायट्रेट भरपूर. जेवणातलं नायट्रेट रक्तात उतरलं की त्यातला साधारण चौथा हिस्सा लाळेच्या ग्रंथी उचलून परत तोंडात सोडतात. जिभेच्या मागच्या खरबरीत भागात, जिथं हवा कमी पोचते, तिथं व्हेलोनेला, रोथिया, नायसेरिया असे जंतू राहतात. ते या नायट्रेटचं नायट्राइट करतात. आपल्या स्वतःच्या पेशींना हे काम जवळजवळ जमत नाही, म्हणून या जंतूंची किंमत. लाळ गिळली की जठरातल्या आम्लात काही नायट्राइटचा नायट्रिक ऑक्साइड होतो, बाकीचं रक्तात जाऊन गरजेच्या जागी तेच करतं. म्हणजे जंतू मुख्यतः मधली पायरी चढवून देतात.

नायट्रिक ऑक्साइड काही सेकंदच टिकतो, पण तेवढ्यात रक्तवाहिनीच्या भिंतीतला स्नायू सैल करतो. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर स्वतःही हा वायू बनवतं. हे उलगडल्याबद्दल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना 1998 चं नोबेल मिळालं. छातीत दुखल्यावर जिभेखाली धरायची गोळी याच वाटेनं काम करते.

म्हणूनच जंतुनाशक माउथवॉशचा प्रश्न येतो. क्लोरहेक्सिडीननं काही दिवस चूळ भरल्यावर वरचा रक्तदाब दोन-तीन अंकांनी चढल्याचं छोट्या अभ्यासांत दिसलंय. दात काढल्यावर डॉक्टरांनी दिलं तर जरूर वापरा, पण नुसत्या वासासाठी वर्षानुवर्षं कशाला? भाजी खाल्ली म्हणून बीपीची गोळी बंद करू नये, आणि मुतखडेवाल्यांनी पालक-बीट बेतानं.

नायट्रस ऑक्साइडचं काम मेंदूवर. 1844 मध्ये अमेरिकेतल्या होरेस वेल्स या दंतवैद्यानं तो हुंगून स्वतःचीच दाढ उपटून घेतली. आजही दंतवैद्य ऑक्सिजनमध्ये 30 ते 50 टक्के मिसळून तो देतात. नायट्रिक ऑक्साइडही हुंगवतात, फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या आवळलेल्या नवजात बाळांना, पण दहा लाखात 20 भाग इतकाच. गफलत झाली तर काय होईल ते या आकड्यांतच आलं. नायट्रस वारंवार नशेसाठी ओढला तर शरीरातलं बी-12 निकामी होतं, पाय बधिर पडतात.

जंतू नायट्रस भरपूर बनवतात, पण ते आपल्या रानात. वाळवा-पलूसकडं उसाला युरिया फेकला आणि वर पाट सोडून दिला की वाफसा मोडतो, मातीत हवा उरत नाही. मग तिथले जंतू युरियातून तयार झालेल्या नायट्रेटपासून नायट्राइट, त्यापासून नायट्रिक, मग नायट्रस आणि शेवटी साधा नायट्रोजन अशी उतरंड चालवतात. पहिली पायरी जिभेवरचीच. मधेच निसटलेला नायट्रस शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवतो, शिवाय ते विकत आणलेलं खत असतं. ठिबकातून थोडं थोडं खत दिलं तर तो कमी सुटतो आणि युरियाचं पोतंही जास्त पुरतं.