किसो खोऱ्यात दोन रात्री: निघण्यापूर्वी वाचून घ्या

टोकियो आणि क्योटोच्या मध्ये दोन रात्री डोंगरातल्या एका खेड्यात कशाला, असं जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. हे पत्रक त्यासाठीच काढलं आहे.

टोकियोचं जुनं नाव एदो. तिथून क्योटोला जायचे दोन मोठे रस्ते होते, एक किनाऱ्याने आणि दुसरा डोंगरांतून. डोंगरातला तो नाकासेन्दो: सुमारे ५३० किलोमीटर लांब, वाटेत मुक्कामाची ६९ गावं. त्यातलं ४२वं त्सुमागो आणि ४३वं मागोमे. ही दोन्ही किसो खोऱ्यातली. त्यांच्यामधली साधारण ८ किलोमीटरची वाट आपण पायी जातो.

१९११ साली रेल्वे आली ती त्सुमागोला बाजूला ठेवून. वाटसरू आटले, तरुण शहरांकडे गेले, घरं मोडकळीला आली. १९६८पासून ती दुरुस्त व्हायला लागली आणि १९७१मध्ये गावकऱ्यांनी ठरवलं: घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. आज मुख्य रस्त्यावर विजेच्या तारा दिसत नाहीत, दिवसा गाड्यांना बंदी असते. दिवसाचे पाहुणे परतले की लाकडी गजांच्या खिडक्यांमागे दिवे लागतात आणि पाटाच्या पाण्याचा आवाज ऐकू यायला लागतो. मुक्काम करायचा तो या संध्याकाळसाठी.

चालायला आपण मागोमेहून सुरुवात करतो, कारण ते त्सुमागोपेक्षा उंचावर आहे. सुमारे ८०० मीटरवरच्या खिंडीपर्यंत चढ, पुढे बहुतेक उतार. रमतगमत तीन तास. सिंहगड पायी चढणाऱ्याला ही वाट मुळीच जड नाही. वाटेत जागोजागी पितळी घंटा टांगल्या आहेत. त्या जोरात वाजवायच्या, म्हणजे अस्वलाला माणसाची चाहूल लागते. खिंड उतरल्यावर एक जुनं चहाघर लागतं. आत जमिनीतल्या चुलीवर किटली लटकलेली असते, धुराने काळं पडलेलं छप्पर वर पाहिलं की दिसतं. चहा फुकट मिळतो. डब्यात थोडे पैसे जरूर टाका.

आजूबाजूला हिनोकीची, म्हणजे जपानी सायप्रसची झाडं आहेत. एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) ती तोडायला सक्त बंदी होती, ‘एक झाड, एक मुंडकं’ अशी म्हणच पडली. इसेचं देवस्थान, जपानच्या शिंतो धर्मातलं सर्वांत मोठं, दर २० वर्षांनी नव्याने बांधतात, त्याला याच खोऱ्यातलं लाकूड जातं.

कधी यावं? चेरी इथे टोकियोनंतर, साधारण एप्रिलच्या मध्याला फुलते. जूनमध्ये पाऊस, ऑगस्टमध्ये दमट उकाडा. आमचं मत विचाराल तर ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा मध्य: पानं लाल झालेली आणि हवा कोरडी. हिवाळ्यात दगडी फरसबंदीवर बर्फ गोठतं आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला बॅगा पोचवण्याची सोयही बंद असते, म्हणून तेव्हा आम्ही सहल नेत नाही.

मुक्काम घरगुती अतिथिगृहात. बूट दारात काढायचे, तातामीवर, म्हणजे खोलीतल्या गवती चटयांवर, सपातासुद्धा नको, संडासच्या सपाता वेगळ्या. गरम पाण्याचा हौद सगळ्यांचा एकच असतो, त्यामुळे साबण लावून अंग स्वच्छ धुवायचं ते बाहेर. हौदात फक्त निवांत बसायचं. शेवटी बूच काढू नका, मागे आणखी लोक असतात. जेवण सहाला म्हणजे सहाला. घरातल्या बाईंनी दुपारपासून खपून ते केलेलं असतं, उशीर करू नका.

आता शाकाहाराबद्दल स्पष्ट सांगतो. भाजी शाकाहारी दिसली तरी रस्सा बहुधा माशाच्या अर्काचा असतो. सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या नूडल्सच्या सोबतचाही. काठीला थापून भाजलेला, अक्रोड आणि मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची चटणी) लावलेला भात म्हणजे गोहेइमोची. तो मात्र आवर्जून खा. मिठाशिवाय आंबवलेला सलगमाचा पाला, सुंकी, मिळाला तर चाखून पाहा. जैन जेवणाची हमी आम्ही देऊ शकत नाही. बाकीच्यांनी काय चालतं, काय नाही, ते निघण्याच्या तीन आठवडे आधी लिहून कळवा. ते जपानीत करून आम्ही अतिथिगृहाला पाठवतो.